नॅडीन टिडवेल आणि नऊशे घोडे

नॅडीन टिडवेलच्या नवऱ्याच्या पिकअपमध्ये नऊशे घोड्यांची ताकद होती आणि तिच्या स्वतःच्या गाडीत दोनशेची. तिची गाडी म्हणजे शाळेची पिवळी बस. त्या दोनशेत ती साठ पोरं, त्यांची दप्तरं, त्यांची भांडणं आणि हिवाळ्यातले त्यांचे चिखलाचे बूट, असं सगळं तीस वर्षं वाहत आली. नवऱ्याच्या नऊशेत काय वाहता, असं कुणी विचारलं की ती म्हणायची, "व्हर्लला."

पश्चिम ओक्लाहोमात माणूस एकवेळ दातांशिवाय चालेल, पिकअपशिवाय चालत नाही. व्हर्ल टिडवेल काउंटीच्या कच्च्या रस्त्यांवर ग्रेडर फिरवायचा. दिवसभर गोगलगाईच्या चालीनं रस्ते सारखे करणाऱ्या माणसाला संध्याकाळी वेग हवासा वाटला तर त्यात नवल काय? त्यानं आणि त्याचा दोस्त एमेट पेटिजॉन यानं एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकसारख्या दोन पांढऱ्या डिझेल पिकअप घेतल्या होत्या. एमेट उत्तरेकडचा, नदीच्या पलीकडचा, गाईवाला. त्यानं आपल्या गाडीचं तेल बदलण्यापलीकडे आयुष्यात काही केलं नाही. व्हर्लनं तेल सोडून सगळं बदललं.

आधी इंजिनाचं डोकं बदललं, म्हणजे ताकद वाढवणारा प्रोग्राम घातला. मग टर्बो मोठा केला. मग त्या टर्बोला पुरेल एवढं डिझेल मिळेना म्हणून पंप बदलला, पंपाची ताकद गिअरबॉक्सला सोसेना म्हणून गिअरबॉक्स बदलला. एकाला झाकावं तर दुसरं उघडं पडतं अशातली गत. शेवटी त्यानं स्टिअरिंगखाली पाच आकड्यांचं एक बटण बसवलं. एकवर गाडी दुकानातून आली तशी, दोनवर ओझं ओढायला, आणि पाचवर पूर्ण नऊशे घोडे मोकळे. पाच नंबर फक्त ऑगस्टच्या जत्रेसाठी. त्या जत्रेत मातीच्या पट्ट्यावर पिकअपला लोखंडी घसरगाडी बांधतात, आणि जसजशी ती ओढावी तसतसं तिच्यावरचं वजन पुढं सरकत जातं. ज्याची गाडी सगळ्यात लांब ओढून नेईल तो वर्षभर गावात कॉलर ताठ करून हिंडतो. व्हर्लची कॉलर बरीच वर्षं ताठ होती.

दर जत्रेत एमेट यायचा, बॉनेटवर कोपर टेकायचा आणि विचारायचा, "काय व्हर्ल, किती झाले?"

"साडेसातशे."

"आणि लागतात किती?"

"आहेत त्यापेक्षा शंभर जास्त."

"मला बाबा गाईंच्या मागं जाण्यापुरते पुरतात," एमेट म्हणायचा, आणि दोघं बिअर प्यायला जायचे. हा संवाद इतकी वर्षं चालला की नॅडीनला तो चर्चमधल्या प्रार्थनेसारखा तोंडपाठ झाला होता.

तिचा स्वतःचा या बाबतीत एक विचार होता, पण तिला कुणी विचारलं नव्हतं. बस चालवताना तिला कधीच जास्त ताकद हवीशी वाटली नाही. जास्त चांगले ब्रेक मात्र पुष्कळदा हवेसे वाटले. तरी तिनं नवऱ्याच्या नादाला नाक मुरडलं नाही. दारू नाही, जुगार नाही, बाई नाही. हौसेला मोल नसतं म्हणतात ते खरं. एकदाच तिनं पाय आपटला. गाडीचं धुराडं इतकं गरजायचं की रविवारी ते चर्चला उशिरा पोचले की पास्टरना प्रार्थना मध्येच थांबवावी लागायची. "एक तर चर्च बदल, नाहीतर आवाज," असं तिनं सांगितल्यावर व्हर्लनं धुराड्यात एक झडप बसवली. झडप बंद केली की धूर जुन्या सायलेन्सरमधून जायचा आणि गाडी सभ्य माणसासारखी बोलायची.

मग व्हर्लचे डोळे गेले. म्हणजे पूर्ण नाही. कडेचं दिसायचं, समोरचं नेमकं तेवढं पुसलं जायचं. भिंत दिसे पण भिंतीवरचं घड्याळ नाही. ग्रेडर सुटला, लायसन्स गेलं. सुरुवातीला तो गॅरेजमध्ये गाडीत जाऊन बसायचा, इंजिन चालू करून नुसता ऐकत राहायचा. पुढं तेही थांबलं. शनिवारचा मित्रांबरोबरचा नाश्ता थांबला. टीव्हीसमोरच्या खुर्चीत बसला तो बसलाच. नॅडीन दुकानात निघाली तरी विचारायचा, "किती वेळ लागेल?" आणि ती परत येईपर्यंत त्याच खुर्चीत त्याच कुशीवर असायचा.

नॅडीनला भीती वाटायची आणि ती भीती कशाची हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिचे वडील असेच एका शरद ऋतूत खुर्चीत बसले होते. ज्यानं माणूस मरावा असं डॉक्टरांना काही सापडलं नाही. ते नुसते उठले नाहीत, आणि वसंत यायच्या आत गेले. व्हर्लला खुर्चीतून उठवायचं, एवढं एकच काम त्या सहा महिन्यांत तिनं डोक्यात धरलं होतं. गोडधोड करून झालं, नातवंडं बोलावून झाली, भांडून झालं. शेवटी तिनं हात टेकले.

मार्चमध्ये वारा सुटला आणि उत्तरेकडं गवताला आग लागली. दोन दिवसांत एमेटचं सगळं कुरण गेलं. घर वाचलं, कुंपणं, गवताची गंजी आणि शेडमधली ती पांढरी पिकअप जळाली. गाई काही मेल्या, उरलेल्या नदीकाठच्या घळीत पळाल्या.

अशा वेळी तिकडं कुणी कुणाला निरोप धाडत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सहकारी गोदामाच्या आवारात ट्रेलर येऊन उभे राहतात, आणि ज्याच्याकडं जेवढं गवत असेल तेवढे गोल गठ्ठे त्यांवर चढतात. कुणाचं गवत, कुणाच्या गाईंना, हे कुणी विचारत नाही. रीत एवढीच की सगळ्यात जड ट्रेलर सगळ्यात जोरकस गाडीला जुंपायचा.

म्हणून गोदामाचा मॅनेजर डॉयल हॅचर टिडवेलांच्या दारात आला. डॉयल लहानपणी नॅडीनच्या बसमध्ये होता, अजूनही तिच्यासमोर टोपी काढायचा आणि तिला मिस म्हणायचा.

"मिस नॅडीन, मोठा ट्रेलर तुमच्या गाडीला लावायचाय. पण चालवणार कोण? मी एखादा पोरगा देऊ?"

आतून खुर्चीतून आवाज आला, "माझ्या गाडीला पोरंबिरं हात लावणार नाहीत."

"मग मी चालवते," नॅडीन म्हणाली.

"तू? तुझा बसचा पाय आहे, हळूच दाबणारा."

"त्या बसच्या पायानं या डॉयलला आठ वर्षं घरी पोचवलंय. जिवंत आहे ना?"

"आहे बुवा," डॉयल म्हणाला.

"तू शेजारी बस," ती व्हर्लला म्हणाली. "तुला एमेटकडं यायचंय की टीव्हीवरचं हवामान ऐकायचंय?"

आत खुर्ची करकरली. नॅडीन स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उगाच एक कप धुवत राहिली, कारण डॉयलला तिचा चेहरा दिसायला नको होता.

गाड्यांची रांग निघाली ती मुख्य रस्त्यावरून. सगळ्यात पुढं टिडवेलांची पांढरी पिकअप, मागं लांबलचक ट्रेलरवर गवताचे अजस्र गठ्ठे, त्यामागं डॉयल, त्यामागं बाकीचे. दुतर्फा गाव उभं होतं. शाळेची पोरंही बाहेर आली होती. व्हर्लला ते चेहरे दिसत नव्हते, पण गर्दी कळत होती. त्याचा हात स्टिअरिंगखाली गेला, बटण चाचपलं आणि पाचवर फिरवलं. झडप त्यानं आधीच उघडली होती. गाडी गरजली, काळा धूर सुटला, पोरांनी टाळ्या पिटल्या.

ओझं मागं असताना पाच नंबर लावायचा नसतो, हे व्हर्लनंच गावातल्या निम्म्या तरुणांना ओरडून ओरडून शिकवलं होतं. नॅडीनलाही ठाऊक होतं. पण तो हसत होता. सहा महिन्यांनी हसत होता, आणि ती गप्प बसली. गाव संपल्यावर तो बटण मागं घेईल असं तिला वाटलं. गाव संपलं. बटण पाचवरच राहिलं.

साठ मैल सपाट होते, तोवर काही बिघडलं नाही. मग नदी ओलांडल्यावरची लांब चढण आली, आणि समोरून वारा.

"सुई किती?" व्हर्लनं विचारलं. धुराची उष्णता दाखवणारा तो काटा त्याच्या नजरेच्या नेमका पुसलेल्या जागी येत होता.

"बाराशे."

"चालतंय. दाब अजून."

थोड्या वेळानं ती म्हणाली, "तेराशे."

"वारा आहे. डॉयल कुठाय?"

"मागंच. चिकटून."

"चिकटू दे. पुढं जायला नको."

"चौदाशे, व्हर्ल. थांबलेली नाही, अजून चढतीय."

चौदाशेच्या पुढं इंजिनात काय होतं हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? आतले पिस्टन मेणासारखे पाघळतात. मग ट्रेलर तिथंच, गवत तिथंच, आणि एमेटच्या गाई तिकडं उपाशी.

"खरंच चौदाशे?"

"मी तुला कधी खोटा आकडा सांगितलाय?"

हात पुढं करून तिला ते बटण सहज फिरवता आलं असतं. तिनं दोन्ही हात चाकावरच ठेवले. या माणसाच्या हातून एकेक करून सगळं काढून घेतलं गेलं होतं, ते बटण तेवढं उरलं होतं. ते आपण काढून घ्यायचं नाही, मग गाडी जळाली तरी चालेल, असं तिनं ठरवलं.

व्हर्लनं बटण दोनवर आणलं.

गाडीचा आवाज खाली बसला, वेगही बसला. तीस मैलांवर येऊन ती म्हाताऱ्या बैलासारखी चढू लागली. डॉयलनं जरा वाट पाहिली, मग दिवा लावून पुढं निघाला. जाताना चाकावरची दोन बोटं रामराम केल्यासारखी उचलली.

"डॉयल गेला," व्हर्ल म्हणाला. "त्याच्या इंजिनाचा पट्टा चिरकतोय, सांगायला पाहिजे."

मग आणखी एक गेली. "ही बक्सटनांची. टर्बोला धाप लागलीय." मग आणखी एक. नॅडीननं एकाचंही नाव सांगितलं नाही, सांगावं लागलं नाही. एकेक गाडी त्याला मागं टाकत गेली आणि तो तिला कानानं ओळखत गेला, आधी दात ओठ खाऊन, मग जरा मोकळेपणानं. शेवटची गेली तेव्हा तो म्हणाला, "ही कुणाची कळली नाही. चांगली ठेवलीय पण." आणि काच खाली करून त्यानं कोपर बाहेर काढलं.

ते पोचले तेव्हा एमेटच्या फाटकापाशी सगळा गोंधळ होता. काळ्याठिक्कर कुरणात गवत अंथरून ठेवलं होतं आणि खाणारं कुणी नव्हतं. गाई लांब घळीच्या कडेला उभ्या होत्या. गाडीवाले अर्ध्या तासापासून भोंगे वाजवत होते, आणि प्रत्येक भोंग्याला गाई आणखी आत सरकत होत्या. हाकून आणायची सोय नव्हती, खूर भाजले होते. रात्री बर्फाळ पाऊस यायचा होता. उपाशी जनावर त्यात टिकत नाही.

एमेट फाटकाला टेकून उभा होता. दोन दिवसांत दहा वर्षांनी म्हातारा झालेला. व्हर्ल आवाजाच्या रोखानं चालत गेला आणि त्याचा खांदा चाचपून धरला.

"हे भोंगे कुणी वाजवायला सांगितले?"

"कुणी नाही. आमच्या गाई भोंग्यावरच येतात, मिस्टर टिडवेल," डॉयल म्हणाला. "सगळ्यांच्याच येतात."

"एमेट, तू वाजवायचास भोंगा?"

एमेटनं मान हलवली, मग व्हर्लला ते दिसणार नाही हे लक्षात येऊन म्हणाला, "कधीच नाही. गाडीचा आवाज ऐकला की यायच्या. आता गाडीच नाही, व्हर्ल. सांगाडा उरलाय."

"मग तुला दोन दिवसांत कुणी विचारलं नाही?"

"मलाच सुचलं नाही रे. माझं डोकं ठिकाणावर नाहीये."

व्हर्ल वळला. "नॅडीन, ट्रेलर सोड. मागं एक गठ्ठा टाका. झडप बंद कर." आणि गाडीत बसून त्यानं स्वतः बटण एकवर आणलं.

"किती उरले?" नॅडीननं विचारलं.

"दुकानातून आले होते तेवढे. याच्या आणि माझ्या सारखेच होते."

बाकीच्या गाड्यांनी इंजिनं बंद केली. नॅडीन काळ्या जमिनीवरून हळूहळू निघाली, मागच्या सीटवर एमेट. राखेचा वास आत येत होता. व्हर्लनं डोळे मिटून घेतले होते.

"जास्त जोरात चाललीस. हा एवढ्या जोरात जात नसे. आणि दुसरा गिअर उशिरा टाक. हा आळशी आहे, इंजिन रडायला लागल्याशिवाय गिअर बदलत नाही."

"खरंय ते," मागून एमेट म्हणाला.

नॅडीननं बसचा पाय लावला. पोरं पायरीवर असताना लावायची तसा. गाडी रडायला लागली, मग तिनं गिअर टाकला. घळीच्या कडेच्या गाई तशाच उभ्या. तिला वाटलं, काही होत नाही, आपण येड्यासारखं राखेत गाडी फिरवतोय.

"हंबरली," व्हर्ल म्हणाला.

"मला नाही ऐकू आलं."

"हंबरली एक. थांबू नकोस. अशीच वळव घराकडं."

मग नॅडीनला आरशात दिसलं. एक लाल गाय लंगडत घळीतून वर आली होती. तिच्यामागं दुसरी. मग काठावरून सगळाच कळप, भाजलेल्या पायांनी, घाई करता येईल तेवढी घाई करत, गाडीच्या मागं. वासरं मधूनमधून. मागच्या सीटवर एमेट पेटिजॉन तोंडावर टोपी धरून रडत होता.

गाई गवताला लागल्यावर माणसांनी कॉफी घेतली. व्हर्लनं गाडीतून किल्ली काढली आणि एमेटचा हात शोधून त्यात ठेवली.

"डोकं फिरलं का तुझं?" एमेट म्हणाला. "एवढे घोडे मी कुठं बांधू?"

"एकवर ठेव. गाई ओळखतात तेवढेच लागतात. बाकीचे मी उगाच पाळले इतकी वर्षं."

"उगाच नाही," एमेट म्हणाला. "जत्रेत मजा यायची."

"मजा यायची," व्हर्लनं कबूल केलं. मग म्हणाला, "गाडी तू चालवायचीस, मागून गवत मी ढकलणार. गवत ढकलायला डोळे लागत नाहीत. गवत उगवेपर्यंत राहतो."

नॅडीन तिथंच उभी होती. तिला हे कुणी विचारलं नव्हतं.

"व्हर्ल, तुझे कपडे? गोळ्या?"

"रविवारी घेऊन ये."

"आणि एमेटला स्वयंपाक येतो का?"

"नाही येत," एमेट म्हणाला.

"मग खाणार काय?"

"बीन्सचे डबे आहेत. तू जा, नॅडीन," व्हर्ल म्हणाला. "अंधार पडायच्या आत घाट उतरा. जा." आणि तो कडेकडेनं दिसणाऱ्या गठ्ठ्यांच्या रांगेकडं वळला, हात पुढं धरून, एकेक मोजत.

ती डॉयलच्या गाडीत बसली. चढण उतरताना ती रडायला लागली. आधी खिडकीकडं तोंड करून, मग तेही सोडून दिलं. डॉयलनं रेडिओ बंद केला. बसमधल्या बाईला रडताना त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

"मिस नॅडीन, गाडीचं वाईट वाटतंय का? मी बोलू मिस्टर टिडवेलशी?"

"गाडी गेली खड्ड्यात," नॅडीन म्हणाली. तिनं नाक पुसलं. "सहा महिने मी दारापर्यंत गेले तरी विचारायचा, किती वेळ लागेल. आज तो मला जा म्हणाला. दोनदा म्हणाला, डॉयल."